कणसूर

बाबांची चामड्याची पिशवी मी धरायचे.
किल्ली, लोकरीची पट्टी, लाकडी पाचरी
आणि फडक्यात गुंडाळलेला स्वरकाटा,
जो मी वाटेत गुडघ्यावर आपटून कानाशी न्यायचे
आणि बाबा न बघितल्यासारखं करायचे.

तार्तूत, एमायोगी नदीच्या वरच्या अंगाला
प्राध्यापक ओस्वाल्द तामसालूंचं घर.
दर ऑक्टोबरात आम्ही तिथं जायचो
कुणीच वाजवत नसलेला पियानो लावायला.
वाजवणाऱ्या हेर्मिनेबाई जाऊन सहा वर्षं झाली होती.
त्यांच्या चष्म्याचं घर अजून झाकणावर होतं.
ते उचलायचं, काम झालं की परत तिथंच ठेवायचं;
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

प्राध्यापक सत्यावर पुस्तक लिहीत होते.
तीन खंड. दोन झालेले.
लोक म्हणत, तिसरा झाला की
विचाराचं घर चारी बाजूंनी बंद,
एक फट म्हणून राहायची नाही.
आई भट्टीत बर्चची ढलपी सारत म्हणायची,
फट नसलेल्या घरात धूर कोंडतो.

त्या वर्षी ते लेखणी ठेवून
बाबांच्या मागे येऊन उभे राहिले.
"आत्ता तो पंचम अगदी बरोबर लागला होता.
ऐकला मी. मग पुन्हा उतरवलात का?"

बाबांना बोलायची सवय नव्हती.
ते तारेशीच बोलल्यासारखे बोलले:
"खऱ्या पंचमांच्या पायऱ्या चढत गेलं, बारा पायऱ्या,
तर निघालो त्या सुरावर पोचायला हवं.
पोचत नाही. पाऊल जरा पुढं पडतं.
एवढंसं."
आणि त्यांनी नखाची कड दाखवली.

"चूक कुणाची?"
"कुणाचीच नाही. ते तसंच आहे."

"मग तो उरलेला कण जातो कुठं?"

"वाटून टाकतो. बाराही जणांना, थोडा थोडा.
पुरता खरा कुणीच राहत नाही,
पण सगळ्यांचं सगळ्यांशी जमतं."

"आणि नाही वाटला तर?"

"अकरा गोड. बारावा लांडगा."
बाबांनी एक तार बिघडवून तो लांडगा ऐकवला.
माझ्या दातांपर्यंत आला.
प्राध्यापक म्हणाले, पुन्हा.
बाबांनी पुन्हा ऐकवला.
मग ते चष्म्याचं घर हातात घेऊन बसून राहिले,
उघडलं नाही.
त्या दिवशी आम्हाला दोन क्रोन जास्त मिळाले.

पुढचं ऐकीव आहे.
विद्यार्थी तक्रार करू लागले,
सर "म्हणून" म्हणतात आणि थांबतात,
वाक्य फळ्यापाशी सोडून घरी जातात.
तिसरा खंड आलाच नाही.
आली ती पहिल्या दोघांची नवी आवृत्ती,
आणि तिच्यात, प्रत्येक प्रकरणात कुठंतरी,
एक "कदाचित".
कुणीतरी मोजले, एकशे चाळीस भरले.
रीगाच्या एका टीकाकारानं लिहिलं,
म्हातारा सैल पडला.

बाबांनी ते पुस्तक वाचलं नाही.
प्राध्यापकांनी सही करून दिलेली प्रत
आमच्या डगमगत्या टेबलाच्या पायाखाली
बरीच वर्षं नीट बसली होती.
ती काढली तेव्हा मी चाळली.
मला निम्मं कळलं नाही,
आणि कधी वाटतं, त्यांनाही बाबांचं निम्मंच कळलं.
बाबा सत्याबद्दल बोलत नव्हते,
पियानोबद्दल बोलत होते.

तो पियानो मला परवा भेटला,
व्होरूच्या शाळेत, खो-खो हसणाऱ्या दालनात.
पहिली पट्टी बाहेर ओढली.
लाकडावर बाबांच्या पेन्सिलीतल्या तारखा,
ऑक्टोबर, ऑक्टोबर, ऑक्टोबर,
आणि शेवटच्या तारखेखाली तिरक्या, घाईच्या अक्षरात
दुसऱ्याच कुणाचा प्रश्न:
आज कुणाच्या वाट्याला?

मी माझी तारीख घातली.
उत्तरासाठी पेन्सिल टेकवली, तोच
जेवणाची सुट्टी संपली, पोरं आत घुसली,
आणि एकानं कोपरानं
सगळ्या पट्ट्या एकदम दाबल्या.